पट्टीपासून चार बोटं

बाजाराचा दिवस होता. मी ट्रॉलीत बसून एका बाईच्या ब्लाउजची उसवलेली बाही शिवत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "आटप अन् घरी ये. दादा गेला," एवढंच म्हणाले. दादा म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, माझे भासरे. सकाळी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात छातीत दुखलं आणि बुलढाण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बाही पुरी केली. तशीच टाकून उठायला हवं होतं, पण हात थांबेनात... ब्लाउज त्या बाईला दिला आणि मग खिडकीची झडप खाली ओढली. ती खिडकी त्यांनीच कापलेली.

याला आता दीड महिना झाला. घरी भेटायला येणारे त्यांच्याबद्दल खूप बोलले. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, पण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानांवर हे लिहिते आहे.

आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. पदर पुढे घ्यायचा, ते आले की बाजूला व्हायचं. तेही माझ्याशी बोलत नसत. मी तीन हातांवर उभी असले तरी ह्यांना म्हणत, "तिले इचार, चहात साखर काऊन नाई टाकली?" आणि मी हळूच ह्यांना सांगायची, "साखर संपली म्हणा." हे वैतागत. "दोघंबी बहिरे हात का बे? मी काय टेलिफोनची तार हाय?" म्हणत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी आमचं असंच चालू होतं. त्यात राग नव्हता, उलट मला ते सोयीचंच होतं. जो माणूस आपल्याशी बोलतच नाही, त्याच्यापुढे लाजायचं काम पडत नाही.

तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून, समोर शिलाई मशीन ठेवून बसायची. फाटलं-उसवलं शिवून द्यायची. काम आवडायचं, पण येणारा-जाणारा वरून बघायचा. मान वर करायची हिंमत व्हायची नाही, कापडावर धूळ बसायची. एक दिवस मी ह्यांच्याजवळ रडले, की मला हे बाजारात बसणं होत नाही, मी सोडते. ते भाऊजींच्या, म्हणजे भासऱ्यांच्या, कानावर गेलं असणार. महिन्याभरात त्यांनी मलकापूरकडून एक जुनी बंद ट्रॉली ओढत आणली. माल वाहायची, दोन चाकांची, चारही बाजूंनी पत्रा, मागे फक्त एक दार. ह्यांना म्हणाले, "तिले म्हना, याच्यात बस. कोणी पाह्यत नाई."

मी आत जाऊन दार ओढून पाहिलं. काळोख आणि भट्टी. सुईत दोरा ओवणं तर सोडाच, सुईच दिसेना. समोर खिडकी आणि वरती वाऱ्याला फटी कापल्याशिवाय तिथे बसताच येणार नव्हतं. पण पत्रा एकदा कापला की कापला, कापडासारखी ठिगळं त्याला शोभत नाहीत. दुसरी ट्रॉली मिळणार नव्हती. ही बिघडली असती तर मी बाजार सोडणार होते, हे मी मनात ठरवून टाकलं होतं.

भाऊजींनी घाई केली नाही. दाराचा खालचा सडका पत्रा बदलताना एक चांगला तुकडा निघाला होता. तो त्यांनी दुकानात नेला आणि त्याच्या चार बाजू चार हत्यारांनी कापून आणल्या. ह्यांच्या हाती तुकडा आत पाठवला. "दाखव तिले. कोणता काठ पाह्यजे ते तिनं सांगावं. बसनार ती हाय."

मी तो मांडीवर घेऊन बघत बसले. एक बाजू गॅस कटरची. झटक्यात कापलेली, पण काठ काळा, लाटा आलेल्या, नायलॉनला विस्तव लागल्यावर आकसतं तसा. दुसरी छन्नीची, ती सगळी वाकलेली. तिसरी ग्राइंडरची, सरळ रेघ, पण कोपऱ्यात चाक पुढे निसटून चीर पडलेली. नवीन शिकणारी मुलगी गळा कापताना कात्री अशीच पुढे नेते, मग ती चीर धुण्यात वाढत जाते. चौथी बाजू जिगसॉची. बारीक पात्याचं मशीन असतं ते, पातं सुईसारखं वर-खाली होतं. ते हळू चालतं म्हणे, पण काठ नीट होता, आणि कोपऱ्यात त्यांनी आधी ड्रिलने भोक पाडून पातं वळवलं होतं.

मी शिवणाचा खडू घेतला. चौथ्या बाजूवर फुली केली. मग जरा भीत भीत, दोऱ्याचं रीळ पालथं ठेवून त्याच्याभोवती कोपरा गोल काढला आणि तुकडा परत पाठवला. आम्ही गळ्याचा कोपरा कधी टोकदार ठेवत नाही, ताण तिथेच येतो. लोखंडाचं मला काय कळणार, पण ट्रॉली रस्त्यावरून हादरे खाणार हे कळत होतं.

मी दाराआडून कान दिला. मग ऐकू आलं, "हे तिनं काढलं?"

"तिनंच. मले काय येते?" हे म्हणाले.

"बराबर हाय. कोपऱ्यातून फाटलेल्या ट्रॉल्या मी वेल्ड करून राह्यलो इतकी वर्सं. गोल करा लागते, मालूम हाय मले, पन गिऱ्हाइकाले घाई असते अन् आपल्याले आळस."

त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

कापायच्या दिवशी त्यांनी बाहेरून खडूने खिडकी आखली. रंग खरवडू नये म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावली, पात्याला तेल दिलं. मला आत बसवलं, पत्रा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरायला. हे शेजारच्या घरातून आणलेल्या विजेच्या वायरीपाशी गेले, ती सारखी निघत होती. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पडली, उजेडाच्या दोन काड्या आत आल्या. मग डाव्या भोकातून पातं खाली यायला लागलं. मी आतून बघत होते. बाहेरून दिसत नव्हती, पण आत पत्र्याला एक जाड आडवी पट्टी होती. तिच्यावरच माझी फळी बसणार होती, मशीन तिच्यावर ठेवणार होते. खिडकी उंचीला दीड फूट ठरली होती. मी एका हाताने टेप लावला. दीड फूट पट्टीच्याही खाली जात होतं.

मी कात्रीने पत्र्यावर ठोकलं. मशीनच्या आवाजात त्यांना कळलं नाही. ह्यांना हाक मारली, ते लांब होते. पातं येतच होतं.

"भाऊजी, थांबा."

एवढा मोठा माझा आवाज मी स्वतःच कधी ऐकला नव्हता. मशीन बंद झालं. मला वाटलं, आता काय होतं... मी पदर पुढे ओढला, मधे सगळा पत्रा होता तरी.

"खाली पट्टी हाय आडवी," मी म्हणाले. "पट्टी कापली तर फळी राहणार नाही. चार बोटं वर घ्या."

त्यांनी मशीन खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज आला, अगदी पत्र्याला तोंड लावल्यासारखा जवळून.

"रेघेपासून चार बोटं, का पट्टीपासून चार बोटं?"

"पट्टीपासून."

"बोटं तुमची, का माही?"

मला हसू आलं. "माझी," म्हणाले.

मग अर्धा तास आमचं बोलणं चाललं. मी आतून टेप लावून माप सांगायची, ते बाहेरून रेघ सरकवायचे, मी भोकातून खडूचं टोक बाहेर काढून दाखवायची. मधेच हे आले आणि चक्रावून उभे राहिले. "दादा, कोनाशी बोलून राह्यला?"

"कारागिराशी," भाऊजी म्हणाले. "तू वायर धर."

खिडकीचा पत्रा निघाला तसा मला त्यांचा चेहरा समोर दिसला आणि मी खाली मान घातली. त्यांनीही पाठ फिरवली.

घरात पुढेही तसंच राहिलं, पदर आणि "तिले सांग". पण बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून ते ट्रॉलीपाशी यायचे, खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे आणि आम्ही बोलायचो. ते माणसांकडे बघत, मी सुईकडे. पावसाचं, कापसाचं, कोणत्या गेटाला कोणता पाइप लावला त्याचं. गिऱ्हाइकाला काय बोलावं ते मी त्यांच्या पाठीशी बोलून बोलून शिकले. भाऊजींची बायको, माझ्या जाऊबाई, मला चिडवत, "घरात मुकी अन् बाजारात पोपट व तू."

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हणाले होते, मागच्या बाजूला लहान खिडकी असती तर वारा लागला असता. "दिवाळीनंतर कापू," ते म्हणाले होते. मागच्या आठवड्यात जाऊबाई त्यांचं जिगसॉ मशीन पिशवीत घालून ट्रॉलीपाशी आल्या. "दुसऱ्या कोनाले द्यू? तूच सांगत होती ना त्याइले आतून. आता मी आत बसते, तू काप."

पिशवीत दोन कानशी होत्या आणि पाती, मोठ्या दातांची आणि बारीक दातांची. बारीक दातांचं पातं मी न विचारता निवडलं. टाकाऊ पत्र्यावर आधी दोनदा चालवून पाहिलं. आत जाऊबाईंनी पट्ट्या सांगितल्या, मी आखलं, गोल कोपरे काढले आणि कापलं. एक रेघ किंचित वाकडी गेली आहे. वारा मात्र सरळ येतो.

निघालेला तुकडा मी भंगाराच्या पोत्यात टाकायला निघाले, तर जाऊबाईंनी हात धरला. "कानस दे इकडे. आधी याचे काठ घासा लागते."

"टाकायचा हाय ना तो," मी म्हणाले.

"टाकायचा असला तरी ते घासतच. कोन्या ढोराले लागन म्हनत. घरी एकेका तुकड्यापाई जेवन थंडं व्हायचं, मी लय भांडली त्याच्यापाई." मग त्या ट्रॉलीच्या सावलीत बसल्या, तुकडा पदरावर घेतला. मी दुसरी कानस घेऊन समोर बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला मी "जरा थांबा" म्हणाले, आणि आम्ही दोघी तो फेकायचा पत्रा चारही बाजूंनी घासत राहिलो, बोट फिरवलं तर कुठे लागणार नाही असा होईपर्यंत.