चातुर्मासातली मुळं

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. सासऱ्यांनी पुढे शिकायला परवानगी दिली, पण अट घालून. एकदा जरी नापास झाले तरी पुस्तकं माळ्यावर. सत्राच्या प्रॅक्टिकलला पेशीविभाजनाची स्लाइड करून द्यायची होती. मूळ वाढतं ते टोकाशी. तिथल्या एका पेशीच्या दोन होत असतात. ते टोक, भाताच्या शिताएवढंही नसतं, कापायचं, रंगवायचं, काचेखाली चेपायचं, की गुणसूत्रं दिसतात. त्यासाठी कांद्याची मुळं घ्यायची असं पुस्तकात होतं, आणि माझा पुस्तकावर भारी विश्वास.

आता चातुर्मासात सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात कांदा कुठून येणार? कॉलेज उघडायचं अकराला, आणि मुळं सकाळी लवकर कापली तर विभाजन जास्त सापडतं. मग मीच एक कांदा आणला, पाण्याच्या पेल्यावर बसवला आणि गॅलरीत कोळशाच्या पोत्यामागे दडवला. शेजारी बाटलीत स्पिरिट आणि ॲसिटिक ॲसिड, कापलेली मुळं टिकवायला. चार दिवसांत छान पांढरी मुळं फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कापणार होते.

नेमका आदल्या दुपारी सासूबाईंना वास आला. मी घरी येते तर पेला धुऊन पालथा घातलेला, बाटली मोरीत रिकामी.

"घरात कांदा झाला, दारू झाली," त्या म्हणाल्या. "कोंबडी कधी आणतेस?"

तोवर मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. परवा परीक्षा आहे, नवा कांदा रुजायला वेळ नाही, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, तुमच्यापायी माझं शिक्षण बुडालं, असं बरंच काही. मग मोरीचं दार लावून रडले.

दिवेलागण झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. तिथे तुपाच्या रिकाम्या डब्यात त्यांची कोरफड होती. भाजलं, खोकला झाला, केस गळले, सगळ्याला त्यांचं औषध तेच. त्यांनी डबा आडवा केला, बुडाशी फुटलेलं एक पिल्लू मातीसकट उपटलं, तांब्याभर पाण्याने धुतलं आणि माझ्यापुढे धरलं. खाली जाडजूड मुळं, टोकं नवी, पिवळसर.

"ही वाढत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकून हे मला सुचलं नव्हतं. सकाळी उठून पुन्हा स्पिरिट-ॲसिड कालवलं, टोकं कापून त्यात टाकली, कॉलेजात जाऊन स्लाइड केली. चौदा गुणसूत्रं, त्यांतली आठ लांबलचक, सहा आखूड, आणि सगळी सुटी. इतकी स्वच्छ स्लाइड वर्गात कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला परीक्षक बाहेरून आलेले, खवट म्हणून प्रसिद्ध. सकाळपासून कांदे बघून वैतागले होते. माझी स्लाइड लागली तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ बघितलं आणि कोरफड कुणी सुचवली ते विचारलं.

"मीच, सर."

विचारही केला नाही, बोलून गेले. सासूबाईंचं नाव सांगितलं असतं तर सगळे हसले असते, असं नंतर मनाला समजावलं. पण खरं सांगायचं तर मला ती शाबासकी एकटीलाच हवी होती. ती मिळाली. पास तर झालेच, वर सगळ्या वर्गादेखत कौतुक झालं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. पास झाले म्हटल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मग हळूच विचारलं, कोरफड कुणी दिली ते सांगितलंस का त्यांना? सांगितलं की, मी म्हटलं. काय म्हणाले? म्हणाले, तुमच्या सासूबाईंना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

त्या लगेच पदर सारखा करून शेजारी सांगायला गेल्या. पुढची वीस वर्षं घरी कुणीही आलं की त्या ही हकिगत सांगत. सांगून झाली की माझ्याकडे वळत, "काय गं, असंच म्हणाले ना ते?"

आणि मी दर वेळी हो म्हणायची.