दुमडू की कापू?

बारक्याच्या बाबांना सगळी गल्ली इस्त्रीसाहेब म्हणायची. पाठीमागे म्हणायची असं नाही, तोंडावरही म्हणायची, आणि बाबांना ते आवडायचं. औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांची सगळी नोकरी डॉक्टरांच्या दारात ताटकळण्यात गेली. “डॉक्टर आपली गोळी नंतर बघतो, आधी कॉलर बघतो,” असं ते म्हणायचे. पगार बेताचाच, पण कॉलर कधी मळलेली नाही की बुटाला कधी धूळ नाही. उंच, भरदार माणूस. रस्त्यानं निघाले की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा.

आणि हा त्यांचा मुलगा. त्यांच्या खांद्याला लागेल न लागेल एवढा, अंगानं काडी. म्हणून बारक्या. वाढला, मिशा आल्या, चार ठिकाणी नोकऱ्या करून सोडल्या, तरी बारक्याच राहिला.

कमी पैशात नीटनेटकं कसं राहावं यावर बाबा तासन्‌तास बोलू शकत. पँटी तीनच हव्यात, राखाडी, गडद निळी आणि तपकिरी. शर्ट सहा, त्यातले निम्मे पांढरे किंवा आकाशी, आणि अंधारात हात घालून कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चढवला तरी जमला पाहिजे. भडक रंग घ्यायचा नाही, कारण तो लोकांच्या लक्षात राहतो आणि मग तुम्ही परवाही तोच घातला होता हेही लक्षात राहतं. कापड हंगाम संपल्यावर घ्यायचं, शिलाईत मात्र हात आखडता घ्यायचा नाही, आणि पैसे घालायचेच तर बुटात घालायचे. आई म्हणायची, “अहो, जेवू द्या त्याला.” बारक्या मान खाली घालून जेवायचा आणि उठून पुन्हा तोच विटका टी-शर्ट अडकवून बाहेर पडायचा. त्याला या सगळ्याचं हसू यायचं.

मग बाबांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. साधा खोकला म्हणता म्हणता अतिदक्षता विभाग, नाकातोंडात नळ्या, यंत्रावर चाललेला श्वास. एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी आईला आणि बारक्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “जवळच्या नातेवाइकांना कळवून ठेवा.” झालं. या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

नशीब कसं चेष्टा करतं पाहा, त्याच आठवड्यात बारक्याला नोकरी लागली. नळ, शॉवर आणि टाइल्सचं मोठं शोरूम होतं. मालक वरपासून खालपर्यंत त्याच्याकडे बघून म्हणाले, “काम जमेल तुला. पण हा अवतार चालणार नाही. इस्त्रीचा शर्ट, पँट आणि कातडी बूट, रोज. सोमवारी ये.” बारक्यानं दुकानांच्या काचेतून दोन-तीन किमती वाचल्या आणि पुढे चालू पडला. घरातला होता नव्हता तो पैसा दवाखाना गिळत होता. बुटांचं एका मित्रानं भागवलं. कपड्यांचं काय?

बाबांच्या कपाटाची कल्पना त्याचीच, हे आधी सांगून टाकायला हवं, कारण पुढे त्यानं स्वतःला पटवायचा फार प्रयत्न केला की आईनंच सुचवलं. आईनं काही सुचवलं नव्हतं. तो म्हणाला, “आई, बाबांचे कपडे नुसते पडूनच आहेत...” आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दवाखान्यात न्यायचा डबा भरत राहिली.

तीन पँटी, सहा शर्ट. पिशवीत भरून तो बाबांच्याच शिंपीकाकांकडे गेला. काकांनी कपडे बघताक्षणी ओळखले. “साहेब कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“तसेच आहेत,” बारक्या म्हणाला.

काकांनी त्याचं माप घेतलं, कपडे त्याच्या अंगाला लावून बघितले आणि खडू हातात धरून थांबले. “जास्तीचं कापड आत दुमडून शिवू की कापू? दुमडलं तर पुन्हा उसवून होतं तसं करता येईल. पण इतकं कापड आत राहिलं तर फुगवटा दिसणार, अंगावर नीट बसायचं नाही.”

बारक्या आरशासमोर उभा होता. बाबांच्या पँटीत दोन बारके मावले असते. त्यानं सोमवारचा विचार केला, मालकाच्या नजरेचा विचार केला. विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही, हीच गोष्ट नंतर त्याला खात राहिली.

“कापा,” तो म्हणाला.

काकांनी खडूनं खूण केली. त्यांना वाटायचं ते वाटलं असावं, कारण कपडे परत देताना त्यांनी आईची चौकशी केली, साहेबांची केली नाही. आणि बारक्यानंही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

कपडे मात्र काय बसले म्हणता! बाबांच्या हिशोबात खोट नव्हती. राखाडीवर आकाशी, निळीवर पांढरा, तपकिरीवर बारीक रेघांचा. सहा शर्टांत आठवडा असा फिरायचा की सोबतच्या सेल्समनला वाटलं हा मोठ्या घरचा दिसतोय. मालकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, “असं राहायचं असतं, बघा जरा.” बारक्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी कपड्यांवरून नावाजलं होतं. त्याला बरं वाटलं. पण संध्याकाळी दवाखान्यात जाण्याआधी तो शोरूमच्या स्वच्छतागृहात शिरायचा, ते कपडे उतरवून पिशवीत भरायचा आणि जुना टी-शर्ट घालून बापाला भेटायला जायचा. बाबा शुद्धीवर नव्हते. तरीसुद्धा.

आणि बाबा बरे व्हायला लागले! आधी ताप उतरला, मग यंत्र काढलं, मग एक दिवस त्यांनी डोळे उघडून नर्सला विचारलं की दाढी कोण करणार. मोठे डॉक्टर म्हणाले, “आता धोका टळला.” आई तिथेच मटकन बाकावर बसली आणि रडली. बारक्याही रडला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात सगळ्यात आधी आली ती पँट. बाप वाचला, आणि या दिवट्याच्या डोक्यात आधी काय यावं, तर पँट! आनंद त्याच्या मागून आला. एवढी लाज त्याला जन्मात कशाची वाटली नव्हती.

बाबा घरी आले तेव्हा ओळखू येत नव्हते. गाल बसले होते, मनगटं मुलासारखी झाली होती. कित्येक दिवस पायजमा आणि बनियन. कपाट आतल्या खोलीत, किल्ली आईकडे, त्यामुळे तेवढे दिवस निभावलं. बारक्या घरून टी-शर्टात निघायचा, शोरूमच्या गोदामात कमोडच्या खोक्यांआड जाऊन साहेब व्हायचा, आणि संध्याकाळी पुन्हा बारक्या होऊन परतायचा. कपडे धुवायचे ते शेजारच्या गच्चीवर वाळायचे. नवे शिवून आणावेत तर पहिला पगार बिलात गेला होता, दुसराही जाणार होता. तो आणि आई या विषयावर एक अक्षर बोलत नव्हते. दोघंही मूग गिळून बसले होते, आणि मधे बाबा रोज थोडे थोडे चालत होते, बरे होत होते, गुणगुणत होते.

एका शनिवारी ते म्हणाले, “उद्या दवाखान्यात जाऊन येऊ. तपासणीला नाही गं, भेटायला. त्या नर्स पोरींनी मला नको त्या अवस्थेत बघितलंय. एकदा पँट-शर्टात दिसलंच पाहिजे. कपाट उघडून ठेव.”

आईनं बारक्याकडे पाहिलं. बारक्यानं रात्री सगळे कपडे इस्त्री करून कपाटात टांगले. त्याला एकच आशा होती. बाबा इतके वाळले होते की कोण जाणे, होतीलही.

सकाळी बाबांनी राखाडी पँट काढली, पाय घातले, हुक लावला. कंबर बरोब्बर बसली. “अगं ए!” ते ओरडलेच. “बघ, बघ! तुम्ही सगळे म्हणत होता निम्मा झालो, निम्मा झालो. कुठे? आहे तेवढाच आहे!” आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. दाराला टेकून उभा असलेला बारक्या सरळ झाला.

मग बाबा आरशाकडे वळले. वरून खाली नजर गेली आणि खालीच थांबली. पँट घोट्याच्या चांगली वर संपत होती.

“आजारपणात माणूस बारीक होतो,” ते सावकाश म्हणाले. “बुटका होतो का रे, बारक्या?”

बाबा पलंगावर बसले. वाकले, दम लागला तरी वाकले, आणि पँटची मोरी उलटी करून बघितली. ते प्रत्येक पँटला खाली चार बोटं कापड आत ठेवून घेत. तिथे आता शिलाईपुरतं होतं. त्यांनी उरलेल्या दोन पँटी मागितल्या, त्याही उलटून बघितल्या. शर्टाची बाही हातानं ताणून बघितली.

“कधी दिलेस?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. तुम्ही घरी आल्यावर, तुम्हीच बारीक झालात म्हणून, असं काहीतरी. बारक्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून खरं आलं. “तुम्ही यंत्रावर होतात तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते, नातेवाइकांना कळवा. मला सोमवारी कामावर जायचं होतं, बाबा. काका म्हणाले दुमडू की कापू. मीच म्हटलं, कापा.”

बाबांनी मान हलवली. रागावले असते, हात उगारला असता तर बारक्याला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, “सगळे नेलेस? एकही ठेवला नाहीस?”

बारक्या रडायच्या बेतात होता.

“ठेवलाय की!” आई एकदम म्हणाली. “असं कसं? एक ठेवलाय.” ती लगबगीनं आत गेली आणि स्वतःच्या कपाटातून, तळातून, कागदात गुंडाळलेला एक जोड घेऊन आली. काळी पँट आणि मोतिया रंगाचा शर्ट. भाचीच्या लग्नासाठी बाबांनी शिवून घेतला होता. धुतलेला, कडक इस्त्रीचा, घडी जशीच्या तशी. बारक्या चकित झाला. त्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा हा जोड तिथे नव्हता. त्याच्याआधीच कुणीतरी काढून ठेवला होता.

बाबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “हा कधी काढून ठेवलास?”

“तेव्हाच,” आई म्हणाली. “तुम्ही यंत्रावर होतात तेव्हा. तुमच्यासाठी.”

“बघितलंस?” बाबा बारक्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, उलट मायेनंच बोलत होते. “डॉक्टरांनी हात टेकले होते, तू कापून मोकळा झालास. चूक म्हणत नाही मी, पोटाचा प्रश्न होता. पण हिनं आशा सोडली नव्हती. आईकडून शीक जरा.”

बारक्यानं आईकडे पाहिलं. ती कागदाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती. मान वर करत नव्हती. आणि त्याला कळलं. जिवंत माणसाला घरी आणायला कुणी लग्नातला जोड धुवून, इस्त्री करून, कागदात बांधून ठेवत नाही. घरी यायला जुना सदराही चालतो. आईनं तो बाबांना शेवटचं नेताना घालायला ठेवला होता.

“हो, बाबा,” तो म्हणाला.

बाबांनी तो जोड चढवला. लांबी ठीक होती, पण आत माणूस कुठे होता! शर्ट खांद्यावरून उतरत होता आणि पँट दोन्ही हातांनी धरावी लागत होती. बाबा मात्र खुशीत होते. “सैल आहे, असू दे. भरेन मी पुन्हा. बारक्या, पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागेल, खिळा आणि हातोडी आण.”

खिळा स्वयंपाकघरातल्या खणात होता. आई ओट्याशी पाठ करून उभी होती, नळ चालू होता आणि त्याखाली काहीच नव्हतं. बारक्यानं नळ बंद केला. “आई, मी काही सांगणार नाही त्यांना,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे,” आई म्हणाली. मग पदराआड नाही की हाताआड नाही, उघड्या तोंडानं, आवाज न करता रडायला लागली. “तू निदान कामावर जायला नेलेस रे. मी काय केलं? मी स्वतःच्या हातानं इस्त्री केली.”

“अगं, झालं का दोघांचं?” बाहेरून बाबांची हाक आली. “त्या पोरींची ड्यूटी संपेल!”

बारक्या खिळा घेऊन बाहेर आला. खाली बसून त्यानं पट्टा लाकडी पाटावर धरला आणि खुणेवर खिळा ठोकला. बाबा वरून बघत होते. “आत काय कुजबुज चालली होती?” त्यांनी विचारलं. “माझ्याबद्दल काय म्हणाली?”

“म्हणाली, छान दिसताय,” बारक्या म्हणाला आणि मान वर न करता आणखी एक भोक पाडलं.