देवळाची लाईन

दादा मंगळवारी गेला. मांडवात तो स्पीकरची वायर जोडत होता. खाली बसला आणि उठला नाही.

तो माझा थोरला भाऊ. रोह्याला लागून असलेल्या वरशात त्याचा साउंडचा धंदा होता. मी पेणला ग्रंथालयात काम करतो. दादा गेल्यावर वहिनींनी साउंड विकायचा नाही असे ठरवले. पहिलेच काम देवळातल्या सप्ताहाचे होते. एक म्हातारे टाळकरी घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "साउंड तुझाच गो. पन देवळाच्या लायटीच्या लाईनला झेपंल काय? तो होता तवर आमी कदी इचारला नाय. नायतर पेणवाला जनरेटर घेऊन यायला तयार हाय."

पेणवाला म्हणजे तिथला दुसरा साउंडवाला; तो जनरेटरबरोबर आपला साउंडही आणणार होता. तो एकदा आला की पुढची कामेही त्याच्याकडेच जाणार, हे आम्हाला कळत होते.

मी हिशेबाला बसलो. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवरचे वॅट घेतले, त्यांत ॲम्प्लिफायरचे मिळवले. बेरीज देवळाच्या लाईनच्या कितीतरी पुढे गेली.

वहिनी वाकून बघत होत्या. "भावजी, या हिशेबानं अख्खं वरसं अंधारात जाईल. दरवर्षी तिथंच तर वाजतंय."

मी पुन्हा पाहिले. स्पीकर काही भिंतीतून वीज घेत नाही. ॲम्प्लिफायर देतो तीच घेतो. मी तीच वीज दोनदा धरली होती. शिवाय वर लिहिलेला आकडा पूर्ण जोराचा असतो, आणि टाळ-मृदंगात तसा जोर क्षणभर येतो आणि ओसरतो. बेरीज खाली आली. तरी अंदाजाच्या भरवशावर देवळातल्या माणसांना हो म्हणायचे धाडस मला होईना.

वहिनींनी दादाच्या पेटीतून टाँगटेस्टर आणला, वायरीला चिमट्यासारखा लावायचा मीटर. तो एकाच वायरीभोवती लावायचा असतो, म्हणून दादाने एका बोर्डाच्या केबलचे वरचे आवरण थोडे सोलून आतल्या वायरी सुट्या ठेवल्या होत्या. सगळा साउंड त्याच बोर्डावर जोडून मी तिथल्या एका वायरीला चिमटा लावला. काहीच वाजत नव्हते, तरी थोडी वीज जात होती.

"गेल्या सप्ताहाचा गजर लावते," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यात जोर त्यालाच असतो." त्यांनी पेनड्राइव्ह लावला.

आधी दादा बोलला. "हॅलो, चेक. माऊली, मागं येतंय का ऐकू?"

आकडा जेमतेम हलला. वहिनींचा हात मिक्सरच्या बटणावर तसाच राहिला.

मग गजर सुरू झाला. आकडा वर उसळे, खाली येई, पुन्हा उसळे. पंखे आणि दिवे धरूनही तो लाईनच्या पुष्कळ आत राहिला.

"काय म्हणतोय?" वहिनींनी विचारले.

"झेपेल."

दादाही, कुणी न विचारता, एवढेच सांगत असे.

सप्ताह देवळाच्या लाईनवर झाला. पेणवाल्याला बोलावले नाही. आता साउंड वहिनी लावतात. सप्ताहाला मी पेणहून येतो आणि मीटर धरतो. तपासायला आम्ही तोच पेनड्राइव्ह लावतो. दादाचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे.