मावशींचा गोतावळा

साताऱ्यात ज्याला त्याला कराडपासून पुण्यापर्यंत नातेवाईक असतात, पण आमच्या शेजारच्या मावशींइतका गोतावळा अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल, हे मी पैज लावून सांगते. शिवाय त्यात सगळ्या बायका, आणि त्यातली एकही साधीसुधी नाही. एक थेट राणी. एक झाडाखाली बसून न्यायनिवाडा करणारी. एकीनं गावाला वेढा पडायच्या बेतात असताना परक्या हेरांना माळवदावर जवसाच्या पेंढ्यांखाली लपवलेलं. एकीला तर नव्वदीत मुलगा झाला, आणि होणार हे कळल्यावर ती आधी पोट धरधरून हसली. या सगळ्यांची हालहवाल मावशींना तोंडपाठ असायची. फक्त त्यातली एकही कधी त्यांच्या घरी आलेली कुणी पाहिली नव्हती, आणि येणारही नव्हती, कारण त्या सगळ्या पवित्र शास्त्रातल्या होत्या.

मावशी म्हणजे निवृत्त नर्स. लग्न केलं नाही. उभा जन्म वॉर्डात गेला आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्याचा अर्धा भाग हाच त्यांचा वॉर्ड झाला. दारात कुणी आलं की 'या, बसा' म्हणायच्या आधी त्यांची दोन बोटं पाहुण्याच्या मनगटावर पडत. कुरिअर देणारा मुलगा सही घ्यायला हात पुढे करायचा आणि नाडी देऊन परत जायचा. त्यांची भाषा निम्मी दवाखान्याची आणि निम्मी देवळाची. 'देऊळ' म्हणजे त्यांचं, रविवारचं. "मी खचीत सांगते" हे त्यांचं पालुपद. मी खचीत सांगते, या दुधात पाणी आहे. मी खचीत सांगते, तुझ्या नवऱ्याला पित्त झालंय. आणि कुणीही घाबरलं, मग ते इंजेक्शनला घाबरलेलं पोर असो नाहीतर मुलीच्या निकालाला घाबरलेला बाप, मावशी त्याच्या पाठीवर थाप मारून "भिऊ नको" म्हणत आणि त्या प्रसंगाला लागू पडेल अशी एक बाई गोतावळ्यातून काढत.

गंमत अशी, की 'बायबलमध्ये अशी एक कथा आहे' असं त्या चुकूनही म्हणत नसत. 'आमची एस्तेर', 'आमची दबोरा' अशी सुरुवात असायची, जणू कालच्या एसटीनं त्यांना भेटून आल्या आहेत. यातून काय काय घोटाळे व्हायचे! एकदा समोरच्या घरात लग्न होतं, आणि मांडववाल्यानं एक मेख नेमकी मावशींच्या मोगऱ्याच्या वाफ्यात ठोकायला घेतली. मावशी भांडल्या नाहीत. चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, मेख हातात घेऊन तिचं टोक बोटानं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या याएलनं अशीच एक घेतली होती हो. सेनापती तंबूत झोपलेला. कानशिलावर ठेवली आणि हातोड्यानं एकच ठोका. जमिनीपर्यंत गेली. तुम्ही साखर किती घेता?" मांडव गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला. मांडववाला चहा न घेताच गेला.

पाण्याच्या वेळी तर कमाल झाली. आमच्या ओळीतल्या नळांना पाणी येईना, तेव्हा मावशींनी रोज छत्री, डबा आणि विणकाम घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेबांच्या दारासमोर बसायला सुरुवात केली. साहेबांनी कंटाळून विचारलं, "बाई, तुम्ही रोज का येता?" मावशींनी सुईवरची नजर न काढता सांगितलं, "माझ्या ओळखीची एक विधवा आहे. न्यायाधीश देवाला भीत नव्हता की माणसाला, पण ती रोज जायची. शेवटी त्यानंच हात टेकले." साहेब विचारात पडले आणि म्हणाले, "असं करा, त्या बाईंचाही अर्ज घेऊन या. दोघींचं एकदमच करून टाकू." नळाला पाणी आलं. मावशी आम्हाला म्हणाल्या, "बघा, ती बिचारी अजून कामाला येते."

पण या सगळ्या बायकांवर अगदी मनापासून जीव लावला तो माझ्या सासूबाईंनी. सासूबाई मूळच्या वडूजच्या. आमच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबा, आणि सासूबाईंचा दिवस त्याच्यापासून सुरू व्हायचा. पण दुपारची भांडी झाली की त्या मागच्या कट्ट्यावर जाऊन बसत. भिंतीपलीकडून मावशी येत, आणि गोतावळ्याच्या बातम्या सुरू होत. सासूबाईंना त्या बायका मावशींच्या खऱ्याखुऱ्या नात्यातल्या वाटत. मी शाळेत शिकवून आले की मला ताजी खबर मिळायची. "अगं, त्या सारीचं आयकलंस का? नव्वदीत पोरगा झाला! बाळातपन कुनी केलं म्हनून इचारलं, तर सिस्टर म्हनत्यात घरीच झालं." नव्वदीतलं बाळंतपण सुखरूप पार पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर एवढा असे, की तो कोण घालवणार?

रूथवर मात्र त्यांचा फारच जीव. नवरा मेल्यावरही ही पोरगी सासूला सोडून माहेरी गेली नाही, सासूबरोबर परक्या मुलखात आली, आणि दोघींच्या पोटासाठी कापणी करणाऱ्यांच्या मागून शेतात सरवा वेचत हिंडली, असं मावशींनी सांगितलं, तशा सासूबाई एकदम ताठ बसल्या. "सरवा? सरवा म्हनाली ती?" कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. वडूजच्या कोरडवाहू रानात, लहानपणी, आईच्या पाठोपाठ सासूबाईंनी ज्वारीचा सरवा वेचलेला. हा शब्द आमच्या घरात माझ्या मुलांना माहीत नाही, मलाही जेमतेम. मावशींनी तो त्यांच्या शास्त्रातून आणला होता आणि सासूबाईंनी वडूजच्या रानातून, आणि दोघींची गाठ बरोबर त्या शब्दावर पडली. त्या दिवसापासून सासूबाई मावशींना आधी रूथचं विचारत. "लय गुनाची पोर. सासूला जपती. शिक जरा," हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मग एक दिवस सासूबाई भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "सिस्टरनी कापडं वाळत घालायची दोरी खाली बांधलीया." मी म्हटलं, बांधली असेल. "डावा हात वर न्हाई जात त्यांचा. कडीपत्ता बी उजव्या हातानं तोडत्यात." आणि तशाच, मांडीवरची मेथी झटकून, भिंतीपलीकडे गेल्या. मी मागोमाग गेले. मावशींनी आधी हसण्यावारी नेलं, मग सांगितलं. छातीत गाठ होती. इथल्या डॉक्टरांनी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन लगेच काढून घ्या म्हणून बजावलं होतं, आणि मावशी नाताळ होऊ दे, इस्टर होऊ दे म्हणत दिवस ढकलत होत्या. आयुष्यभर माणसांना 'भिऊ नको' म्हणत ऑपरेशनच्या टेबलावर चढवणारी ही बाई स्वतःच्या वेळी मांजरासारखी कोपऱ्यात जाऊन बसली होती. मला धक्का बसला आणि रागही आला.

सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "तुमची ती एस्तेर. राजानं बोलावल्याबिगर त्याच्या म्होरं जाईल त्याचं मुंडकं जायचं, व्हय ना? तरी गेली न्हवं?"

"गेली," मावशी म्हणाल्या.

"आवं, मंग तुमाला तर डाक्टरनं बोलावलंय."

मावशी दोरीवरचा टॉवेल काढून उगाच घडी घालायला लागल्या.

"रूथला बोलवून घ्या संगतीला," सासूबाई पुढे म्हणाल्या. "कुटं असती ती? मी फोन लावाया सांगती हिला."

मावशींनी चष्मा काढला. "आजी, रूथला जाऊन हजारो वर्षं झाली हो."

"म्हंजी? वारली?"

"वारली."

"आन् एस्तेर?"

"सगळ्याच. शास्त्रातल्या आहेत त्या. माझं असं कुणीच नाही."

सासूबाई उठल्या आणि घरी आल्या. न्हाणीचं दार लागलं. आतून डोक्यावर भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला. जवळचं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडे आंघोळ करतात, आणि इथे तर एका दमात अख्खं खानदान गेलं होतं. हसावं की रडावं, मला कळेना. ओल्या केसांचा आंबाडा बांधत त्या बाहेर आल्या आणि थेट पलीकडे जाऊन म्हणाल्या, "झालं ते झालं. मी येती तुमच्या संगं. कवा निघायचं?"

आम्ही तिघी एसटीनं निघालो. कराड येईपर्यंत सासूबाईंनी सगळ्या गाडीला शेंगदाण्याची चटणी वाटली होती. सांगलीच्या दवाखान्यात खिडकीवरच्या सिस्टरनं सांगितलं, "पेशंटजवळ एकच बाई राहील, आणि नात्यातलीच पाहिजे." मावशींनी खिडकीवर ठेवलेले कागद उचलून पुन्हा पिशवीत घातले. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला बाजूला सारलं.

"मी हाय नात्यातली."

"नाव?"

"रूथ."

सिस्टरनं त्यांच्या नऊवारीकडे पाहिलं, हिरव्या चुड्याकडे पाहिलं, कपाळावरच्या भल्यामोठ्या कुंकवाकडे पाहिलं. "नातं?"

"सून."

"कुणाची? यांची? आजी, तुम्ही तर यांच्याहून मोठ्या दिसता."

"सासू दिसाया ल्हान हाय," सासूबाई म्हणाल्या, "पर हाय."

मावशी हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना खिडकीला धरावं लागलं, आणि ती सिस्टरही हसायला लागली. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं असावं, कारण पुढे काही विचारलं नाही. ऑपरेशनला आत नेताना सासूबाई ढकलगाडीबरोबर दारापर्यंत गेल्या आणि मावशींच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "भिऊ नगंस. खचीत सांगती, काय हुत न्हाई." मावशींना अगं-तुगं करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

गाठ निघाली. पुढची औषधं झाली, केस गेले, केस आले. मावशींची दोरी पुन्हा वर बांधली गेली. दुपारच्या बैठकाही सुरू झाल्या, आणि सासूबाईंना आता त्या बायका शास्त्रातल्या आहेत हे माहीत असूनही त्या पूर्वीसारख्याच त्यांची खुशाली विचारत.

गेल्या श्रावणात सासूबाई झोपेतच गेल्या. सांगायला मी पलीकडे गेले, तर मावशी दारातच माझ्या तोंडाकडे बघून समजल्या. मला जवळ घेतलं, आणि थोड्या वेळानं आत गेल्या. त्यांच्यात ही रीत नाही, पण न्हाणीत डोक्यावर पाणी ओतल्याचा आवाज मी उभ्या जागी ऐकला. मला त्या आवाजानं रडू फुटलं. घरात सगळे रडत होते तेव्हा फुटलं नव्हतं.

आता मागच्या कट्ट्यावर मावशी एकट्याच असतात, म्हणजे ऐकायला कुणी सापडेपर्यंत. परवा आमच्या वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मुलगी त्यांना सापडली. तिची कसलीशी मुलाखत होती आणि ती फार घाबरली होती. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. एस्तेर झाली, दबोरा झाली, आणि मग मावशी म्हणाल्या, "आणि आमची वडूजची एक होती. सरवा वेचून वाढलेली. ती खिडकीसमोर उभी राहून काय म्हणाली, ऐक."

मुलगी जाताना माझ्या दारात थांबली. "काकू," तिनं हळूच विचारलं, "ती वडूजची बाई बायबलमध्ये कुठं येते हो?"

मी म्हटलं, "ती बायबलमधली नाही गं. ती मावशींची सून."