अक्कांचा उलटा नियम

चौगुले अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तुपाची बरणी घेऊन माझ्या दारात उभ्या असताना. कळंब्याच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत मी नुकतीच भाडेकरू म्हणून आले होते. सामान अजून पोत्यांतच होतं.

"घे. मी आजपासनं तूप सोडलो," त्या म्हणाल्या.

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'आलो, गेलो' असंच बोलतात. मी शाळेत मराठी शिकवायची. बरणी हातात घ्यायच्या आधी मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. आता आजी झाल्यावर तेव्हाच्या त्या बावन्न वर्षांच्या मास्तरीणबाईकडे बघते तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि ही बया तूप फुकट मिळतंय तर दुसऱ्याचं व्याकरण तपासतेय.

अक्का जैन. माहेर सीमेकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'तंगी' करून टाकलं, म्हणजे धाकटी बहीण. सत्तरीच्या पुढे वय, काटक बांधा, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारा. यजमान वारले होते, मुलगा बंगलोरला नोकरीला. जैनांत वडीलधारी माणसं बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात जाऊन नियम घेतात. आवडीचा एखादा पदार्थ सोडायचा, की तो पुन्हा तोंडात घालायचा नाही. अक्कांनी तुपानंतर गूळ-साखर सोडली, मग दूध, मग भात. सोडलेली प्रत्येक गोष्ट माझ्या दारात यायची. गूळ आला, साखर आली, बासमतीची अख्खी पिशवी आली. मी मात्र गोल होत चालले होते.

कॉलनीतल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या. "धन्य हाय तुमची अक्का, आमच्यानं सकाळचा च्या सुटंना." मीही भारावले होते. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्या त्यागावर छोटंसं भाषणच दिलं होतं, डोळे मिटून वगैरे. रोज त्यांच्या अंगणातून जायचे. ब्लाउजच्या बाह्या त्यांच्या दंडावर सैल होत चालल्यात हे मला दिसायचंसुद्धा, पण मला वाटे तेजच ते, दुसरं काय.

त्यांचं संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. नंतर पाण्याचा थेंब नाही. साडेसहाला भांडी पालथी पडली की मग करायचं काय? टीव्ही त्यांना आवडत नसे. "नुसती माणसं भांडत्यात त्यात. भांडायचं तर आपण भांडू की." डोळ्यात मोतीबिंदू, वाचता येत नव्हतं. एकदा म्हणाल्या, "तंगी, तुला पगार मिळतोय पोरास्नी वाचून दाखवायचा. मला फुकट दाखव."

मी शाळेच्या ग्रंथालयातून एक अनुवादित कादंबरी आणली. मुखपृष्ठ निखळलेलं, पानं पिवळी. गोठलेल्या समुद्राकाठी हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या ठाण्यावर एक माणूस मागे राहतो. बाकीचे मदत आणायला गेलेले परत येतच नाहीत. एवढीच गोष्ट. बर्फ, अंधार आणि तो. सत्तरी ओलांडलेल्या बाईसाठी मी हे निवडलं, जिनं बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसातला! पण मला त्यातून त्यांना मानवाची अजिंक्य जिद्द दाखवायची होती. मी प्रस्तावना म्हणून दहा मिनिटं जिद्दीवर बोललेही. अक्का शांतपणे वाती वळत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो खातोय काय?"

"डबे आहेत त्याच्याकडे. बंद डबे."

"कशाचे?"

"मटणाचे."

"मग तेवढं सोडून वाच."

पुढची कितीतरी पानं अशीच गेली. वादळ येवो, छप्पर उडो, अक्कांचा प्रश्न ठरलेला. एका प्रकरणात घेवड्याचा डबा निघाला तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं. "हां. आता खाऊ दे की बिचाऱ्याला पोटभर." मी चिडायची. लेखकाला काय म्हणायचंय ते यांना कळत नाही, असं मला वाटायचं. घरी जाऊन मी गॅसवरच्या पातेल्यातच आमटी-भात कालवायची आणि टीव्हीपुढे बसून चमच्यानं संपवायची. मानवाच्या जिद्दीचा विचार करत!

कादंबरीतला तो माणूस सुरुवातीला फार नेटका होता. रोज दाढी करायचा, टेबल पुसायचा, ताट-चमचा मांडून खुर्चीवर बसून जेवायचा. मग कुठेतरी मधल्या पानावर एक साधं वाक्य आलं. त्या दिवशी त्यानं डबा फोडला आणि शेगडीजवळ उभ्यानंच खाल्लं. मी पुढे गेले. पुढे वादळाचं वर्णन होतं, ते मला आवाज चढवून वाचायचं होतं.

"थांब," अक्का म्हणाल्या. "मागचं परत वाच."

मी वाचलं.

"उभ्यानं खाल्लं?"

"हो. कंटाळा आला असेल."

अक्कांच्या हातातली वात तशीच राहिली. "कंटाळा न्हवं," त्या हळूच म्हणाल्या. "ताट वाढून बसलं की समोर कोण न्हाई ते दिसतंय. उभ्यानं खाल्लं की नुसती भिंत दिसती."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. इतके महिने येत होते, पण आत कधी डोकावले नव्हते. फळीवरची ताटं एकमेकांत घालून ठेवलेली आणि वरच्या ताटावर धुळीचा पातळ थर. ओट्यावर एक वाटी पालथी. बसायचा पाट भिंतीला टेकवून उभा, त्याच्या कोपऱ्याला कोळ्यानं जाळं केलेलं.

मी बाहेर आले तशा त्या म्हणाल्या, "पुढच्या अष्टमीला एक येळचं जेवण सोडणार हाय मी. बस्तीत सांगून ठेवलोय."

"अक्का, तुम्ही उभ्यानं जेवता?"

"मग? मुनिमहाराज उभ्यानंच आहार घेत्यात. हातातच घेत्यात, ताट-बीट काय न्हाई."

हे खरंच आहे. दिगंबर मुनी दिवसातून एकदा, उभं राहून, ओंजळीत आहार घेतात. एरवी मी गप्प बसले असते. पण त्यांच्याच आग्रहानं मी एकदा तो आहार बघायला गेले होते. सोवळ्यातली अख्खी घरं दारात ओळीनं उभी होती. महाराज आमच्याकडे थांबावेत म्हणून विनवत होती. एकजण पाणी घालतोय, एकजण घास देतोय, म्हातारी-कोतारी हात जोडून बघतायत.

"महाराजांना भरवायला दहा माणसं भांडत असतात," मी म्हणाले. "तुमच्यासमोर कोण असतं, अक्का? तूप सोडलंत, गूळ सोडलात. नियमाचं ठीक आहे. पण एकटीसाठी चूल कशाला पेटवायची, हेच ना खरं?"

अक्का उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "लई शिकल्यालीस तू. जा आता."

त्यानंतर त्यांचं दार माझ्यासाठी बंद. अंगणात समोरासमोर आलो तरी त्या तुळशीशी बोलायच्या, माझ्याशी नाही. पुस्तक माझ्या टेबलावर पडून होतं, ते उघडवेना. मी पातेल्यातूनच जेवत होते. माझंही ताट धुळीनं भरलंय हे मला त्याच आठवड्यात दिसलं. शहाण्या बाईनं शेजारणीच्या घरात जाऊन निदान केलं होतं, आपल्या घरात राहून केलं नव्हतं. आणि अष्टमी जवळ येत होती. दोन वेळच्या चार घासांवर जगणारी बाई एका वेळच्या दोन घासांवर येणार होती, आणि कॉलनी पाया पडायला तयार होती.

अष्टमीला सकाळीच त्या बस्तीत गेल्या. मी शाळेत पोरांना काय शिकवलं देव जाणे. संध्याकाळी फाटक उघडते तोच अंगणातून हाक आली, "तंगी! ताट घिऊन ये. दिस मावळालाय."

मी ताट घेऊन गेले. धुवून. आत दोन पाट मांडलेले. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, पापड.

"नियम घेतलात?" मी भीत भीत विचारलं.

"घेतलो की."

"एकवेळचा?"

"न्हाई. एकटीनं जेवायचं न्हाई, असा नियम घेतलो. बस्तीतलं उपाध्ये म्हणालं, अक्का, ह्यो उलटाच की! ह्यात सोडलं काय? मी म्हणालो, एकटीनं खायाचं सोडलं. ही काय ल्हान गोष्ट हाय व्हय?"

मी हसले. मग घास तोंडाशी नेता नेता माझ्या लक्षात आलं. "म्हणजे मी आले नाही तर तुम्ही उपाशी?"

"व्हय," अक्का भाकरी मोडत म्हणाल्या. डोळ्यांत निव्वळ खोडसाळपणा. "भोग आता."

आणि मी भोगलं! थंडीत सहालाच दिवस मावळतो. शाळा सुटली की मी रिक्षावाल्याला "मामा, जरा पळवा, सूर्य चाललाय," म्हणायची आणि तो आरशातून माझ्याकडे बघायचा. सहकारी बायका फिरायला बोलवायच्या, मी पर्स सावरत पळायची. सकाळी शाळेला जायच्या आधीही एक फेरी. नाचणीच्या पेजेची वाटी घेऊन समोर बसायचं. रविवारी मात्र रात्री नऊच्या सुमारास मी मागच्या खोलीत दार लावून ऑम्लेट करायची. अक्कांना सगळं कळायचं. सोमवारी म्हणायच्या, "काल मांजर आलतं का गं तुझ्याकडं? वास येत हुता." सोडलेलं तूप-गूळ काही त्यांनी परत धरलं नाही, नियम तो नियम. पण भाकरी दीडावर आली, दंड भरले, बाह्या पुन्हा बसायला लागल्या.

ती कादंबरी आम्ही पुरी केली नाही. एकदा मी विचारलं, पुढचं वाचू का? शेवट राहिलाय. तर म्हणाल्या, "त्याचं काय झालं ते मला नको. लिवणारा काय त्याला सोडतोय व्हय. घेवडा खाल्लेला तिथंच ऱ्हाऊ दे त्याला." मी पुस्तक परत केलं. शेवट मला ठाऊक आहे. त्यांना मी कधी सांगितला नाही.

नव्या शतकाची दोन-तीन वर्षं उलटल्यावर मुलगा त्यांना न्यायला आला. मोतीबिंदूनंतर दुसरंही काहीबाही निघालं होतं, आणि तो चांगला मुलगा होता. अक्का गेल्या. घराला कुलूप लागलं. मागच्या खोल्यांत मी. पहिल्या संध्याकाळी सहाला मी ताट वाढलं आणि समोरच्या पाटाकडे बघत बसले. त्या बोलल्या होत्या तसंच, समोर कोण नाही ते चांगलं दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बसलीस न्हवं?"

"अक्का!"

"हितं ल्योक-सून दोघंबी नवाला येत्यात घरात. मी काय करू? नियम हाय माझा. त्यो फोन मांडीजवळ ठेव आणि घाल तोंडात."

मग ते रोजचंच झालं. आधी वायरीचा फोन ताटाजवळ ओढून, नंतर मोबाइल आले तेव्हा तो वाटीला टेकवून. फारसं बोलणं नसायचं. "काय केलीस?" "वांगं." "मीबी." मधे नुसतं चावणं, तिकडून बंगलोरच्या गाड्यांचे आवाज, इकडून आमचा कावळा. कुणी ऐकलं असतं तर दोन्ही म्हाताऱ्यांना वेड लागलंय म्हणालं असतं.

शेवटचे काही दिवस फोन सुनेनं लावून दिला. अक्का दवाखान्यात होत्या. तोंडानं काही घेत नव्हत्या, नळीवर होत्या. मी म्हटलं, आज मीही राहू दे अक्का, तुमचं जेवण नाही तर माझंही नको.

"गप," पलीकडून इतका बारीक आवाज आला की मी फोन कानात खुपसला. "तू जेव. मी ऐकतो."

मी जेवले. भाकरी मोठ्यानं चावली. आमटीचा भुरका मारला, आई लहानपणी ज्याबद्दल रागे भरायची तसा. त्या ऐकतायत की झोपल्यात ते कळेना. मग आवाज नक्की पोचावा म्हणून पापड फोनजवळ धरला आणि मोडला.

मग अक्का म्हणाल्या, "भाजलीस व्हय गं? तळायचास की. एकटी हाईस म्हणून?"

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत मी कढई ठेवली, आणि पापड तळला.