दाराकडे चढणारी वेल

गुजरातेतल्या संखेड्याच्या खरादीवाड्यात पेन्सिलीची रेघ मारून मग नक्षी काढणाऱ्या बायका आहेत, आणि एक चंचळबेन आहे. सरसात कालवलेल्या कथलाच्या भुकटीत खारीच्या केसांचा ब्रश बुडवला की तिचा हात थेट लाकडावर जातो. "रेघ कशाला मारायची? शेतात वेल उगवते तेव्हा तलाठी येऊन आधी आखून देतो का?" असं ती विचारते. साठी उलटली तरी हा तोरा कमी झालेला नाही, आणि का व्हावा? बेचाळीस वर्षांत तिच्या हातची एक वेल पुसावी लागली नव्हती.

कामाची वाटणी इथे ठरलेली. लाकूड खरादावर फिरवून कातायचं आणि शेवटी लाख चढवायची ती पुरुषांनी, मधली नक्षी बायकांनी. नाव मात्र पुरुषांचंच. चंचळबेनच्या हातचे आरसे वडोदऱ्यापर्यंत "छोटुभाईचे आरसे" म्हणून जात आणि तिचा नवरा छोटुभाई ते ऐकून खुशाल मान डोलवी.

यंदा आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या लग्नासाठी भरूचच्या लीलाबांनी नातीला द्यायला मोठा आरसा सांगितला. चार गोल दांड्यांची सागवानी चौकट, किरमिजी रंग, त्यावर सोनेरी वेल. वेल दोन्ही बाजूंनी वर चढून माथ्यावर मिळायला हवी, अशी रीत. लीलाबा म्हणजे भलतं चिकित्सक गिऱ्हाईक. एका वाकड्या मोरापायी त्यांनी शेजारच्यांचा झोपाळा दारातच सोडला होता आणि त्यानंतर त्या घराकडे भरूचचं माणूस फिरकलं नव्हतं.

चंचळबेनची एक सवय होती. दांडा खरादावर आडवा चढला की ती वेल दाराकडे चढवायची. दांड्याचा शेंडा नेहमी दाराकडेच असे, त्यामुळे कधी बघायची वेळ आली नाही. पहिला उभा दांडा तिनं तसाच रंगवला. मग मुलगा विपुल खरादासाठी नवी मोटर घेऊन आला आणि वायर पुरेना म्हणून त्यानं खराद उलटा फिरवून समोरच्या भिंतीला लावला. उजवीकडचं दार तिच्या डाव्या हाताला आलं, शेंडा मात्र उजवीकडेच राहिला. हात बिचारा सवयीचा गुलाम. त्यानं दुसऱ्या दांड्यावरही वेल दाराकडेच चढवली.

छोटुभाईनं चकाकी आणायला कथलावर अकीकाचा दगड घासला, फिरत्या दांड्यावर लाख धरली, केवड्याच्या पानानं ती सारखी केली. पांढरी नक्षी सोन्यासारखी पिवळी झाली. दोन्ही दांडे भिंतीशी उभे केले तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एक वेल वर चाललेली, दुसरी खाली.

"बा, हे काय केलंस तू!" विपुल आईवर ओरडला.

"मी केलं? खराद कुणी फिरवला?"

"पण तू बघायचं होतंस ना!"

"लग्नाचा आरसा, आणि त्यावर उतरती वेल," छोटुभाईनं कपाळाला हात लावला. "ती भरूचची बाई आपल्या दारात थुंकेल. विपुलच्या आई, तू बुडवलंस."

विपुल म्हणाला, दांडाच उलटा बसवू. पण खालची खुंटी जाड, वरची बारीक. तासायला गेलं तर लाखेचे टवके उडाले असते आणि आरशाचं वजन सैल खुंटीवर कोण सोडणार? नवा दांडा कातून रंगवायला दिवस नव्हते. लीलाबा परवाच यायच्या होत्या. बाप-लेकांनी मिळून सगळं खापर तिच्यावर फोडलं आणि दोघं तोंड पाडून ओट्यावर जाऊन बसले.

चंचळबेनला राग आला आणि लाजही वाटली. रकाबीत ओतलेला चहा तिनं निवू दिला. मग आडवे दोन दांडे, जे अजून कोरेच होते, ते तिनं जमिनीवर मांडले, वर एक, खाली एक, आणि बाजूला ते दोन रंगवलेले. बराच वेळ बघत राहिली. मग उठून तिनं हाक मारली, "विपुल, वरचा दांडा चढव. आणि शेंडा-बुडखा मला आधी दाखव, शहाण्या."

तिसऱ्या दिवशी लीलाबा जीपमधून उतरल्या, चष्मा पुसला आणि चौकटीसमोर उभ्या राहिल्या. छोटुभाईनं बायकोला आधीच बजावलं होतं, नवीन फॅशन म्हणून सांगायचं, बाकी तोंड उघडायचं नाही.

"उजवी वेल खाली का चाललीय?" लीलाबांनी विचारलं.

"हल्ली ना बा, वडोदऱ्यात अशीच—" छोटुभाईनं सुरुवात केली.

"चुकली, बा," चंचळबेन म्हणाली. "खरादाची दिशा बदलली, मी बघितलं नाही. दांडा लाखेखाली गेला, मग उपाय नव्हता."

विपुलनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे चुकलेला माल माझ्या नातीला?"

"चूक एका दांड्याची. आता बोट ठेवा डावीकडे, अगदी खाली, आणि वेलीबरोबर चला. मग नको असेल तर ठेवून जा, मी अडवणार नाही."

लीलाबांनी नाक मुरडत बोट ठेवलं. बोट वर गेलं, माथ्यावरून आडवं सरकलं, उजवीकडून खाली आलं, तळाच्या दांड्यावरून परत फिरलं आणि सुरू केलं होतं तिथेच येऊन टेकलं. वेल कुठे तुटली नव्हती. एक पान उलटं नव्हतं.

"संपते कुठं ही?"

"संपत नाही. चार दांडे, चार वळणं. आपल्या गुजरात्यांत लग्नाचे फेरे किती असतात, बा?"

"चार," लीलाबा म्हणाल्या, आणि त्यांचं बोट पुन्हा एकदा चौकटीभोवती फिरून आलं. या खेपेला सावकाश. मग त्यांनी चष्मा काढला. "माथ्यावर मिळणाऱ्या वेली काय, सगळेच देतात. गाडीत घाला. धाकट्या नातीच्या लग्नाला पण अशीच पाहिजे. केली कुणी?"

"आमच्या घरचं काम आहे, बा, तीन पिढ्यांचं," छोटुभाई एकदम पुढे झाला.

"परवा घरचं नव्हतं," चंचळबेन म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "परवा उलटी वेल माझी एकटीची होती. मग ही पण माझीच."

विपुलला हसू आवरेना. छोटुभाई आधी लाल झाला, मग त्यानं बायकोकडे पाहिलं, मग चौकटीकडे.

"हिनं केली," तो म्हणाला. "चंचळनं. चंचळबेननं."

इतकी वर्षं तो तिला "विपुलची आई" म्हणायचा. परक्या माणसापुढे बायकोचं नाव आजवर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. चंचळबेनचे डोळे भरून आले, पण तिनं ते कुणाला दिसू दिले नाहीत.

"आता बघत काय बसलात? ती बाजू धरा," ती म्हणाली. "आणि जपून, आरसा आहे."