शांत डोक्याचा रक्तदाब

डोके शांत असेल त्या दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यावी का, हा प्रश्न मला ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका दवाखान्यात पडला.

माझ्याआधी नंबर असलेले गृहस्थ बंद पडलेल्या गिरणीतले कामगार होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते बाकावर सरकून जागा देत आणि मान लववून हसत. त्यांची बायको मला म्हणाली, “सुनेशी वाजलं तरच हे गोळी घेतात. नायतर नाय!”

“डोकं तापलं तर औषध ना गं? उगाच कशाला?” ते म्हणाले.

तपासणीच्या खोलीचा पडदा अर्धा उघडा होता. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. गृहस्थ हसतमुख होते, परंतु डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला.

“दाब फार वाढलाय. असाच राहिला तर अर्धांगाचा झटका येईल.”

“पण डॉक्टर, आज मी कुणावर रागावलोय?”

“कुणावरच नाही. म्हणूनच सांगतो, गोळी रोज घ्यायची.”

गृहस्थ प्रथमच हसायचे थांबले.

वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. घरात तंटा नसलेल्या एखाद्या दिवशी आपला दाब मोजून घ्यावा, आणि गोळी थांबवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही विनंती.